जावई यादीत नाहीत

यादी बरोबर आहे की नाही हे तपासायची आपल्याकडे एकच शास्त्रशुद्ध पद्धत आहे. तिच्यात आपलं नाव शोधायचं. सापडलं, की यादी बरोबर. मग ती मतदारयादी असो, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची रांग असो, नाहीतर गणेशोत्सवाच्या अहवालात मागच्या पानावर बारीक टायपात छापलेले देणगीदार असोत. स्वतःचं नाव दिसलं की माणूस चष्मा काढतो, अहवालाची घडी करतो आणि "छान झालाय हो अहवाल" म्हणतो. शेजाऱ्याचं नाव गळलंय हे त्याच्या लक्षात येत नाही. आलंच, तर फार वाईटही वाटत नाही.

अर्धवट उत्तरं देणारे डेटाबेस जगभर इतकी वर्षं सुखाने नांदतायत ते माणसाच्या याच स्वभावावर, असं माझं ठाम मत आहे. ठाम मत बाळगण्याइतका मी मोठा माणूस नाही. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करतो ती तालुक्याच्या गावांतल्या पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवते. कंपनी लहान आहे. किती लहान, तर आमचे साहेब फोनवर "आमची डेटाबेस टीम तुमच्याशी बोलेल" असं म्हणतात तेव्हा ते माझ्याकडे बघत असतात. मग मी आवाज जरा जाड करतो आणि टीम म्हणून बोलतो.

अशाच एका पतसंस्थेचं सभासद रजिस्टर आम्ही क्लाउडवर चढवलं. चढवण्याआधी संचालक मंडळाला नमुना दाखवला. नमुन्यात कोणाची नावं घालायची हा प्रश्न साहेबांनी चुटकीसरशी सोडवला. संचालक मंडळाचीच घातली. चेअरमन साहेबांनी बटण दाबलं, पडद्यावर पहिलंच नाव त्यांचं आलं. दुसरं व्हाइस चेअरमनांचं. प्रत्येक संचालकाने पुढे वाकून आपलं नाव वाचलं, एकाने आपल्या नावामागे 'श्री.' आहे ना याची खात्री केली, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. व्हाइस चेअरमनांनी तेवढं विचारलं, "पावसाळ्यात क्लाउडला काही होत नाही ना?" मी टीमच्या आवाजात "नाही" म्हणालो.

पावसाळा सरत आला. खरा मोसम तेव्हाच येतो. सहकारी संस्थांचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि कायद्याप्रमाणे पुढच्या सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. त्यामुळे गणपती, पितृपक्ष आणि सर्वसाधारण सभा महाराष्ट्रात एकमेकांच्या अंगावर येतात. संस्थेने सभेची नोटीस मोबाईलवर पाठवायचं ठरवलं. आमच्या सॉफ्टवेअरने डेटाबेसकडून सभासदांची यादी मागितली, डेटाबेसने दिली, मेसेज गेले. सगळ्या संचालकांना मेसेज आला. एका ज्येष्ठ संस्थापक सभासदांनी तर फोन करून अभिनंदन केलं. साहेबांनी ऑफिसात सामोसे मागवले.

रात्री संस्थेच्या मॅनेजरांचा फोन.

"साहेब, जरा अडचण झालीय."

"काय झालं?"

"जावयांना नोटीस गेली नाही."

"कोणाच्या जावयांना?"

पलीकडून जो उसासा आला त्यावरून कोणाच्या ते कळलं.

"मोबाईल बंद असेल त्यांचा," मी म्हणालो.

"चालू आहे. सासऱ्यांना आलेला मेसेज त्यांनीच वाचून दाखवला. जेवताना. सगळ्यांसमोर."

इथे वाचकांनी प्रकरणाचं गांभीर्य ध्यानात घ्यावं. सभासद गळणं वेगळं आणि जावई गळणं वेगळं. सभासद फार तर उपनिबंधकांकडे तक्रार करतो. जावई काहीच बोलत नाही, आणि तेच भारी पडतं.

मी लॅपटॉप उघडला. जावयांचा सभासद क्रमांक टाकला. फोटो, पत्ता, नॉमिनी, सगळं समोर हजर. मग पूर्ण यादी मागितली. जावई नाहीत. पुन्हा एकटे मागितले, आहेत. सगळ्यांत मागितले, नाहीत. असा लपंडाव पुष्कळ वेळ चालल्यावर मी पहिल्यांदा यादीतली नावं मोजली. संस्थेचे सभासद साडेचार हजारांच्या घरात. यादीत जेमतेम अकराशे. म्हणजे बाराआणे संस्था गायब होती आणि त्या सगळ्यांतून ओरड झाली ती फक्त जावयांची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. साहेब म्हणाले, "नेट स्लो असेल." आमच्याकडे एक नवा मुलगा लागलाय, तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "माझ्या मशीनवर तर सगळे येतात." त्याच्या मशीनवर अजून संचालक मंडळाचाच नमुना होता, त्यामुळे खरंच सगळे येत होते. मॅनेजरांचा संशय विरोधी गटावर. क्लाउडवाल्या कंपनीच्या सपोर्टला लिहिलं तर त्यांनी आधी लिहिल्याबद्दल आभार मानले, मग झालेल्या त्रासाबद्दल खेद व्यक्त केला, मग आमची यंत्रणा उत्तम चालू आहे असं कळवलं. शेवटी, सेवेचं मूल्यमापन पाच तारकांत करा म्हणाले.

आणि यंत्रणा खरोखरच उत्तम चालू होती, हे त्यातलं सर्वांत संतापजनक सत्य.

हे क्लाउडवरचे डेटाबेस पंगतीतल्या वाढप्यासारखे असतात. हातातल्या भांड्यात मावेल तेवढं घेऊन निघायचं, भांडं रिकामं होईल तिथपर्यंत वाढायचं आणि वळायचं. पुढची पानं कोरडी राहिली तर 'अहो, इकडे' अशी हाक तुम्ही मारायची. आमच्या डेटाबेसचं भांडं 1 एमबीचं. तेवढं वाचून झालं की तो थांबतो आणि उत्तराच्या तळाशी एक किल्ली ठेवतो. त्या किल्लीचा अर्थ, मी इथवर आलो, पुढचं हवं असेल तर ही दाखवून परत मागा. आमचा प्रोग्रॅम पहिलं पान उचलायचा आणि घरी जायचा. तळाशी काही ठेवलंय हे बघायची त्याला गरज वाटली नाही. तो आमच्याच ऑफिसात वाढलेला.

ही रीत एकट्या आमच्याच डेटाबेसची आहे असंही नाही. इलॅस्टिकसर्चला काही न सांगता शोध घ्यायला लावलं तर तो सापडलेल्यांतले 10 हातावर ठेवतो. मोंगोडीबीचा शेल 20 दाखवून, पुढचे हवे असतील तर 'इट' असं टाइप करा म्हणतो, म्हणजे निदान तोंडाने सांगतो तरी. आमचाही सांगतच होता म्हणा, पण सांगायची भाषा इतकी सभ्य की ऐकणाऱ्याला ते आभारप्रदर्शन वाटावं.

बरं, यादी सभासद क्रमांकाच्या क्रमाने येणार. म्हणजे पहिल्या 1 एमबीत संस्थापक, संचालक, त्यांचे भाऊ, त्यांचे व्याही. ज्यांनी ओरडायचं ते सगळे पहिल्याच पानावर. जावई संस्थेत अगदी अलीकडे आले, लग्नानंतर. त्यांचा क्रमांक शेवटच्या पानावर.

त्यात आणखी एक गंमत. रोमन लिपीतलं अक्षर साठवायला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला नि प्रत्येक मात्रेलाही तीन-तीन. शिवाय आपण नाव लिहिणार ते पूर्ण. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, पुढे 'ऊर्फ बापू', पत्त्यात 'मारुती मंदिरामागे, जुन्या गिरणीजवळ'. आमचं भांडं लवकर रिकामं व्हायला तिथल्या जुन्या गिरणीचाही हातभार लागला होता.

साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे चूक कोणाची?" अशा वेळी मी परदेशाकडे धाव घेतो. म्हटलं, "साहेब, 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी इंग्लंडच्या आरोग्य खात्यात असंच झालं. प्रयोगशाळांकडून आलेले रुग्णांचे आकडे ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत ओतत होते. तिच्यात 65,536 च ओळी मावतात. पुढचं सगळं बाहेर सांडलं. 15,841 बाधितांची नोंद काही दिवस हिशेबातच नव्हती."

साहेब म्हणाले, "आपले सभासद पासष्ट हजार आहेत का?"

"नाहीत."

"मग मला इंग्लंडचं सांगू नकोस."

पानामागून पान मागवायचं काम साहेबांनी नव्या मुलाकडे सोपवलं. त्याने ते संध्याकाळपर्यंत केलंही. जावई आले. मॅनेजरांना फोन केला, त्यांनी घरी देवापुढे साखर ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी एक अख्खं गाव गेलं.

झालं होतं असं की मॅनेजरांनी गाववार याद्या काढायला घेतल्या. एका गावाची यादी पूर्ण कोरी. आता त्या गावात संस्थेचे शेकड्यांनी सभासद, आणि मागच्या निवडणुकीत ते गाव कोणाच्या मागे होतं हे तालुक्यातल्या पोराटोरांना माहीत. कोरी यादी बाहेर फुटली तर काय होईल, या विचाराने मॅनेजरांनी संगणकाच्या पडद्यावर टॉवेल टाकला.

कारण कळलं तेव्हा मी काही वेळ नुसता बसून राहिलो. डेटाबेस आधी 1 एमबी वाचतो, आणि मग त्यातून त्या गावचे निवडतो. चाळणी नंतर लागते. त्या गावचे लोक सभासद झाले उशिरा, म्हणजे पहिल्या पानात एकही नाही. त्यामुळे डेटाबेसचं पहिलं उत्तर असं, की काहीही सापडलं नाही, ही घ्या किल्ली, पुढे बघा. आमच्या मुलाने पान रिकामं बघितलं आणि व्यवहाराला धरून निष्कर्ष काढला की संपलं. वास्तविक किल्ली मिळायची थांबते तेव्हाच संपलेलं असतं. रिकामं पान म्हणजे नकार नव्हे. मी त्याला हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मला स्थळं बघतायत. त्यांना पण हे सांगा ना."

गाव परत मिळालं. मग काउंटरवरच्या मॅडमचा फोन.

"सर, कऱ्हाडे अर्धेच येतायत."

"अर्धे म्हणजे?"

"थोरले येतात, धाकटे येत नाहीत. एकाच घरातले आहेत हो. एकाच उंबऱ्यातले."

मी दोन्ही नावं पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. कऱ्हाडे आणि कऱ्हाडे. भिंग लावून बघितलं तरी फरक नाही. पण डेटाबेसला डोळे नसतात, तो आतले आकडे बघतो. आपला हा 'ऱ्ह' यंत्रात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारी खूण ही एक तऱ्हा. टिंबवाला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त, ही दुसरी. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, पोटात दोन्ही वेगळे. थोरल्यांचं खातं ऑफिसातल्या जुन्या संगणकावर उघडलेलं, धाकट्यांचं मोबाईलवर. मॅडमनी शोधायला टाइप केलं की ज्यांचा कीबोर्ड जुळतो तेवढेच कऱ्हाडे बाहेर येणार.

तोवर थोरले कऱ्हाडे काउंटरवर येऊन थांबले होते. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. मी त्यांना युनिकोड समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या वाटण्या अजून व्हायच्यात. तुम्ही आधीच करून टाकल्या होय?"

मधल्या काळात लेखापरीक्षकांनी आपली भर घातली. 1 एप्रिलला झालेले सगळे सभासद मागच्या वर्षात दिसत होते. क्लाउड घड्याळ ठेवतो ते जागतिक वेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नुसती तारीख भरली की ती मध्यरात्रीची धरली जाते, आणि आपल्या 1 एप्रिलची मध्यरात्र म्हणजे त्याच्या लेखी 31 मार्चची संध्याकाळ, साडेसहा. ताळेबंदावर सही करण्यापूर्वी लेखापरीक्षकांना हे घड्याळ मान्य होईना. त्यांचं म्हणणं, सहकार कायद्यात साडेपाच तासांची तरतूद दाखवा.

आणि 'हयात' नावाच्या रकान्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. नोटीस हयात सभासदांनाच जावी म्हणून आम्ही फक्त 'हयात' अशी नोंद असलेले मागत होतो. काही जुन्या सभासदांच्या बाबतीत हा रकाना कोणी भरलाच नव्हता. माणूस रोज समोरून सायकलवर जातो, त्याला हयात काय लिहायचं? बरं, उलटं विचारावं, 'मयत नाहीत ते दे', तर एसक्यूएल घराण्यातले डेटाबेस तिथेही रिकामा रकाना वगळतात. एडगर कॉड या थोर गृहस्थांनी 1979 मध्ये खरं आणि खोटं यांच्या जोडीला 'माहीत नाही' ही तिसरी अवस्था डेटाबेसच्या शास्त्रात मांडली. तेव्हापासून ज्याची नोंद नाही तो या लोकांच्या दृष्टीने हयातही नाही आणि मयतही नाही. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला का द्यावा लागतो ते मला त्या दिवशी समजलं.

या सगळ्या धबडग्यात चेअरमन साहेबांनी मला प्रत्यक्ष बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा मॅनेजर जावयांचा नवीन मोबाईल नंबर भरत होते. भरला, यादी उघडली, तर जुनाच नंबर. मॅनेजरांचा चेहरा उतरला.

"थांबा जरा," मी म्हणालो. "एकच माहिती तीन-चार ठिकाणी ठेवलेली असते. एका ठिकाणी बदलली की बाकीच्यांना कळायला वेळ लागतो. ॲमेझॉनच्या लोकांनी 2007 मध्ये यावर मोठा निबंध लिहिला, तेव्हापासून हे जगभर गाजलं. याला इव्हेंच्युअली कन्सिस्टंट म्हणतात."

"म्हणजे?" चेअरमन साहेब.

"म्हणजे होणार नक्की. पण आत्ता विचारलंत तर झालेलं असेलच असं नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही हो. बहुतेक वेळा सेकंदही लागत नाही."

चेअरमन साहेबांनी मॅनेजरांकडे बघितलं. "आपल्या सातबाऱ्यावर नाव लागायला नऊ वर्षं गेली, त्याला काही इंग्रजी नाव नव्हतं."

एवढ्यात नंबर बदललेला दिसला. जावई कोपऱ्यात बसले होते, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या तोंडून प्रकरण सुरू झाल्यापासून पहिला शब्द निघाला. ते म्हणाले, "बरं."

मग मी पूर्ण यादी पुढे केली. सगळी पानं, सगळी गावं, दोन्ही तऱ्हेचे कऱ्हाडे, रकाना रिकामा असलेले आजोबा.

"आता पूर्ण आहे?"

"पूर्ण."

"एकही राहिला नाही?"

"एकही नाही."

वाटलं होतं शाबासकी मिळेल. चेअरमन साहेब यादी चाळत गेले तसा त्यांचा चेहरा लांब होत गेला. साडेचार हजारांच्या जागी पाच हजारांच्या वर नावं झाली होती. 'पाटील' एकदा दीर्घ आणि एकदा ऱ्हस्व. वारसांनी न कळवल्यामुळे कागदोपत्री जिवंत राहिलेली मंडळी. आणि बाकीचे सगळे खरेच सभासद, ज्यांची सभेला यायची सवय सुटलेली होती.

"स्टीलचे डबे किती सांगितलेत?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या यादीप्रमाणे," मॅनेजर म्हणाले. "अकराशे."

"हॉल?"

"पाचशेचा."

कोणी काही बोललं नाही. चेअरमन साहेबांनी यादीतलं एक पान वर काढलं, त्यावरच्या एका नावावर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणला.

"हे मागच्या सभेत उठून कर्जवाटपावर प्रश्न विचारत होते. हे शेजारचेही. त्यांच्या गल्लीतले हे सात-आठ. तुमची ती चाळणी असते ना?"

"फिल्टर."

"ती यांच्यावर लावता येईल का? म्हणजे काढायचं नाही. सभासद आहेत, त्यांचा हक्क आहे, आम्ही लोकशाही मानणारी माणसं. फक्त मेसेज जाताना जरा मागच्या पानावर जायला हवेत."

"साहेब, ते बेकायदा होईल. नोटीस सगळ्यांना जायलाच पाहिजे."

"जाऊ दे की! नाही कोण म्हणतंय?" चेअरमन साहेब दुखावले. "तुमचं ते इव्हेंच्युअली करा. सभा झाल्यावर."